पोटातलं ओठांवर

पडदा वर जातो तेव्हा सगळ्यांचे डोळे समोर असतात. आपण मात्र मान वळवून मागे बघू. शेवटच्या रांगेच्याही मागे भिंतीत सरकत्या काचेची एक खिडकी आहे आणि खिडकीमागे कपाटाएवढी खोली. खोलीत दिव्यांचा जुना फळा आहे, दांड्याखटक्यांचा. दुपारी म्हाताऱ्या माणसाला निजवावे तसा तो चादरीखाली झाकून ठेवला आहे. शेजारी टेबल, टेबलावर संगणक आणि दोन स्टुले. त्यातल्या एकाचा पाय आखूड, म्हणून त्याखाली उरलेल्या तिकिटांची घडी घातलेली. बाहेर भर दुपार आहे. पण नाट्यगृहात दुपार कधी आत येत नाही, ती चपलांसारखी दाराबाहेर थांबते.

आखूड पायाच्या स्टुलावर दिवेकाका बसलेत. अंगाने वाळलेले, बोटे मात्र जाडजूड आणि टोकाशी भाजून टणक झालेली. आयुष्यभर तापलेले दिवे हाताळल्याची ती सही. दुसऱ्या स्टुलावर एक पन्नाशीची बाई, चष्म्याला दोरी, पायातल्या चपला काढून टेबलाखाली सरकवलेल्या. नाट्यगृहात तिला सगळे पुटपुट म्हणतात. तीही हाक आली की वळून बघते, म्हणजे नाव मान्य आहे.

खाली तिसऱ्या अंकाची तालीम चालू होती. बाई, म्हणजे कंपनीची मुख्य नटी, हातात कंदील घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कंदिलावर फुंकर मारायची, अख्ख्या रंगमंचावर काळोख व्हायचा आणि त्या काळोखात त्यांनी नाटकातले शेवटचे वाक्य म्हणायचे. बाईंनी फुंकर मारली. उजेड तसाच. पुन्हा मारली. उजेड ढिम्म हलेना.

“काका,” बाई खालून ओरडल्या, “मी अजून किती फुंकू? कंदील विझला, छातीतली हवा संपली, आता मीच विझते!”

काकांनी एक कळ दाबली, दुसरी दाबली. संगणकाच्या खिडकीत दिव्यांची चित्रे छान रांगेत उभी होती. कुठे तक्रार नाही, कुठे तांबडे काही नाही. वर्गात खोडी करून हाताची घडी घालून बसलेल्या पोरासारखा तो प्रोग्रॅम साळसूद दिसत होता.

पहिल्या रांगेतून मॅनेजर उठले. माणूस वाईट नव्हता, फक्त पहिल्या प्रयोगाच्या दिवशी कुठला मॅनेजर माणसात असतो?

“काका, संध्याकाळी हॉल भरलेला असणार आहे. चहाची सुट्टी घेऊ, मग हाच अंक पुन्हा. तेव्हाही अडकलं तर मी दुसऱ्या माणसाला बोलावून ठेवलंय. तो त्याचं यंत्र घेऊन येतोय. वाईट वाटून घेऊ नका.”

‘वाईट वाटून घेऊ नका’ असे ज्याला ऐकावे लागते, त्याच्या हातात वाईट वाटून घेण्यापलीकडे काही उरलेले नसते. काकांनी मान हलवली. त्यांना ठाऊक होते की दुसरा माणूस एकदा या स्टुलावर बसला की तो आज एका दिवसापुरता बसणार नाही.

पुटपुटलाही ते ठाऊक होते. आणि तिला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. काकांना जुन्या दांड्यांवरून उठवून या संगणकापुढे तिनेच बसवले होते. तेव्हा काका कुरकुरले होते, “दांडी अडकली तर हाताला कळतं गं. हे यंत्र अडकलं तर मला कोण सांगणार?” आणि ती ठणकावून म्हणाली होती, “चूक झाली तर तो स्वतः बोलेल, काका. माझा शब्द.”

आता चूक होत होती आणि तो तोंडातून ब्र काढत नव्हता.

पुटपुटचा जन्म जवळजवळ विंगेतलाच. तिचे वडील याच कंपनीचे प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत एका खोक्यावर बसायचे, मांडीवर संहिता आणि वर छोटा दिवा. नट अडखळला की पुढचे वाक्य असे द्यायचे की ते नटाच्या कानात पडावे आणि पहिल्या रांगेच्या कानाला पत्ताही लागू नये. आई कपडेपटात टाके घालायची, म्हणून पोरीला सांभाळायला विंगच. पोरगी वडिलांच्या पायाशी बसून त्यांच्या ओठांकडे बघत राहायची आणि बघता बघता तिचेही ओठ हलायला लागले. शाळेत जायच्या आधी तिला तीन नाटके पाठ होती, पण मोठ्याने एकही वाक्य म्हणता येत नव्हते. नुसते ओठ हलायचे. हे नाव दिवेकाकांनीच ठेवले. “अरे, ही आपली पुटपुट बघा, आवाज नसलेला रेडिओ!”

शाळेत वक्तृत्वस्पर्धेला उभी केली तेव्हा तिने अख्खे भाषण केले. पहिल्या बाकावरच्यांनी फक्त तिचे ओठ पाहिले. मास्तरांनी शेवटी विचारले, “बाळ, सुरू कधी करणार?”

वडील एकदा तिला म्हणाले होते, “आपलं काम बोलायचं नाही गं. आपलं काम पोचवायचं.” हे तिने पदराला गाठ मारून ठेवले, पुढे साडी नेसणे सोडले तरी.

मोठी झाल्यावर ती टायपिंग शिकली, मग संगणक शिकली. लोकांशी बोलण्यापेक्षा यंत्राशी बोलणे तिला मानवले, कारण यंत्र ‘जरा मोठ्याने’ म्हणत नाही. नवरा मिळाला तो खेळाचा शिक्षक, शिट्टीशिवायही मैदान हलवणारा. “आमच्या घरात दोन माणसांचा आवाज आहे,” ती सांगायची, “पण दोन्ही वाटे त्यांनाच मिळालेत.” आणि नोकरी मिळाली ती शिंपीकामाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. तिथे ती, मालक आणि एक हिशेबनीस मिळून नाटकांच्या दिव्यांसाठी प्रोग्रॅम बनवत. वडील गेल्यावर ती नाट्यगृहात आली ती अशी, वायरीची भेंडोळी खांद्यावर टाकून. वडिलांचे खोके तेव्हा विंगेतून अडगळीत गेले होते. नटांच्या कानात आता छोटी यंत्रे असत.

तिच्या प्रोग्रॅममध्ये एक गंमत होती. त्याच्या पोटात तिने एक दुभाष्या बसवला होता. प्रोग्रॅमवाले त्याला इंटरप्रिटर म्हणतात. दिवेवाल्याने आपल्या मनाप्रमाणे चार ओळींची स्क्रिप्ट लिहायची. आता हा दिवा लाव, आता तो मंद कर, आता थांब. दुभाष्या ती एकेक ओळ वाचायचा आणि यंत्राला समजेल अशा भाषेत सांगायचा. नाटकात संहिता असते ना, तशीच ही दिव्यांची संहिता. आणि या दुभाष्याला नुसते कामच नाही, बोलायलाही सांगता येई. ‘प्रिंट’ असे लिहून पुढे काहीही लिहा, तो ते बोलून दाखवणार. कुठे? तर प्रोग्रॅमसोबत एक काळी चौकट उघडायची, तिच्यात अक्षरे उमटायची.

काकांना तिने हे सगळे शिकवले ते आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, घरच्या संगणकावर. काका पाचवीपर्यंत शिकलेले, पण नवे शिकायचे म्हटले की डोळे चमकायचे. काळ्या चौकटीत आपले वाक्य उमटलेले पाहून ते खुर्चीतून अर्धे उठले होते. “अगं, हा तर माझं मलाच ऐकवतोय!”

या नव्या नाटकाच्या आधी मालकांनी फर्मान काढले. “ती काळी चौकट काढा हो. गिऱ्हाईक घाबरतं. कुणी गेल्याची बातमी लावल्यासारखी दिसते.” पुटपुटने ती काढली. अशी खिडकी असलेल्या प्रोग्रॅमला काळी चौकट हवीच असे नाही, एक खूण बदलली की ती उघडतच नाही. नवा प्रोग्रॅम तिने नाट्यगृहात आणून बसवला, तेव्हा काकांनी विचारले होते, “आणि ती काळी पाटी कुठं गेली?”

“ती आता आत गेली, काका,” ती घाईत म्हणाली. “ते आमच्यासाठी असतं. तुम्हाला बघायची गरज नाही.”

हे वाक्य ती विसरली. काका विसरले नाहीत.

चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. पुटपुट टेबलाखाली शिरून वायरी हलवत होती. तिची समजूत अशी होती की दोष वायरीत असणार, नाहीतर दिव्यांच्या डब्यात. कारण प्रोग्रॅम तिने ऑफिसात पुन्हा पुन्हा चालवून पाहिला होता आणि तिथे तो कधीच अडकला नव्हता. ‘माझ्याकडे तर चालतं’ हे या धंद्यातल्या लोकांचे वेदवाक्य आहे.

“काका,” टेबलाखालून तिने विचारले, “पहिल्यांदा अडकलं ते कुठं?”

“अगदी शेवटी. पडदा पडताना.”

“मग?”

“मग बाई वाक्य म्हणतात तिथं. आज फुंकरीलाच.”

पुटपुट टेबलाखालून बाहेर आली. केसांना कोळिष्टक. “म्हणजे दर तालमीला थोडं आधी अडकतंय?”

“हो ना. मी जितकं जास्त सांगतोय तितकं लवकर अडकतंय.”

“कुणाला सांगताय?”

“तुला.”

“मला? कधी?”

“अगं कधी काय? रोज! प्रत्येक दिव्याच्या आधी सांगतो. प्रिंट करून.”

पुटपुट त्यांच्याकडे बघतच राहिली. “काका, ते कुठं जातं असं वाटतं तुम्हाला?”

“तुझ्याकडे. आणखी कुठं जाणार? तूच म्हणालीस ना, ते आमच्यासाठी असतं म्हणून!” मग तिचा चेहरा पाहून ते जरा वरमले. “तू उत्तर देत नव्हतीस. म्हटलं कामात असेल, पण वाचत असेल. तुझे वडील तरी कुठं उत्तर द्यायचे? नटानं काही का गोंधळ घालेना, ते आपले मान खाली घालून पुढचं वाक्य द्यायचे.”

पुटपुटने केसांतले कोळिष्टक झटकले आणि स्टूल पुढे ओढले.

“मी बघू का तुमची स्क्रिप्ट?” पुटपुटने विचारले. काकांनी आजवर ती कुणाला दाखवली नव्हती. आपल्या शुद्धलेखनाची त्यांना लाज वाटायची.

“बघ. हसायचं नाही.”

तिने फाइल उघडली. दिव्याची एक ओळ, की तिच्यावर बोलण्याच्या दोन-दोन, तीन-तीन ओळी. तिने ऑफिसात चालवून पाहायच्या स्क्रिप्ट आठवल्या. त्यांतला दुभाष्या रोमन अक्षरांत एखादा शब्द बोलायचा, ‘ओके’, ‘डन’, बस्स. इथे मात्र पानेच्या पाने गप्पा होत्या, आणि त्याही आपल्या लिपीत.

तिला सगळे उमगले. आधी हसू आले, मग विरले.

“काका, ऐका. हा दुभाष्या बोलतो ना, ते थेट तोंडातून बाहेर पडत नाही. आधी पोटात साठवतो. पोट भरलं की एकदम बाहेर ओततो. पूर्वी ओतायला ती काळी चौकट होती. मी ती काढली. आता तो बोलतोय, साठवतोय, आणि पोट भरलं की ओतायला जातो तर पुढं भांडंच नाही. मग तिथंच चक्कर येऊन पडतो. पडताना ओरडतो, पण ते ओरडणंही त्याच वाटेनं जाणार, म्हणजे कुठंच नाही. वर आपली अक्षरं त्याच्या पोटात रोमनच्या तिप्पट जागा घेतात.”

“म्हणजे मराठी पचायला जड,” काका म्हणाले.

“जड नाही, भरगच्च. माझ्या परीक्षेत त्याचं पोट कधी भरलंच नाही, कारण मी त्याच्याशी कधी धड बोललेच नाही. तुम्ही बोललात.”

काकांनी मान खाली घातली. “मग काढून टाक ना ते सगळं. नुसत्या दिव्यांच्या ओळी ठेव. मी गप्प बसतो. आजचा प्रयोग तरी पार पडेल.”

हे अगदी खरे होते. सगळ्या प्रिंटच्या ओळी पुसायच्या, चहा संपायच्या आत काम झाले असते. पुटपुटचे बोट कळीवर गेलेही. मग थांबले.

आज हे पुसले की दिवे चालतील, पण दुभाष्या मुका तो मुकाच राहणार. उद्या खरी चूक झाली की पुन्हा हाच साळसूद चेहरा, पुन्हा काका कळा दाबत बसणार, आणि पुन्हा कुणीतरी येऊन वाईट वाटून घेऊ नका म्हणणार. ‘तो स्वतः बोलेल’ हा शब्द काकांनी मागितला नव्हता, तिने दिला होता. आणि बोलणाऱ्यालाच गप्प बसवून तो पाळता येणार नव्हता.

तिने मालकांना फोन लावला. “नाट्यगृहातल्या प्रोग्रॅममध्ये थोडा बदल करतेय. आत्ता.”

पलीकडचा आवाज काकांनाही ऐकू आला. “आत्ता? प्रयोगाच्या दिवशी? अहो, वरातीत घोडा बदलतं का कुणी?”

“घोडा तोच आहे,” पुटपुट म्हणाली. “फक्त त्याला तोंड लावतेय.” आणि तिने फोन ठेवला. तिच्या आयुष्यातले हे बहुधा सगळ्यात मोठ्याने बोललेले वाक्य, तेही शेजारच्या खोलीत ऐकू गेले नसते.

ती कामाला लागली. युक्ती तशी सोपी होती. दुभाष्याला बोलायचे म्हणजे काय, तर समोर जो कोणी बसवलेला असेल त्याच्या हातात तो आपले शब्द ठेवतो. समोर काळी चौकटच असायला हवी असे त्याचे काही नाही. ‘हे घे, लिही’ म्हटल्यावर लिहून घेणारा कोणीही चालतो. तेव्हा एक असा लिहून घेणारा बनवायचा आणि दुभाष्या कामाला बसायच्या आधी गुपचूप त्याच्यापुढे आणून बसवायचा. त्याने घेतलेला शब्द न साठवता तिथल्या तिथे प्रोग्रॅमच्या खिडकीत, तळाला एक पांढरी पट्टी करून, तिच्यात मांडायचा. दुभाष्याला कळणारही नाही की समोरचा माणूस बदलला.

अशा लिहून घेणाऱ्याला नाव द्यावे लागते. तिने क्षणभर विचार केला आणि नाव दिले, ‘खोकं’. डाव्या विंगेतले.

पहिल्यांदा चालवले तर दुभाष्याने नवीच तक्रार काढली. लिहून घेणाऱ्याला नुसते लिहिता येऊन भागत नाही, ‘असेल नसेल ते आत्ता बाहेर काढ’ म्हटल्यावर हो म्हणायलाही यावे लागते. ते तिने शिकवले. दुसऱ्यांदा चालवले तर पट्टीत शब्द उमटले, पण प्रत्येक ओळीनंतर एक ओळ रिकामी.

“एवढं काय थांबतोय हा?” काका वाकून बघत म्हणाले. “दर वाक्याला श्वास घेतोय? दम्याचा आहे का?”

“श्वास तो घेतोच,” ती म्हणाली. “आधी वाक्य देतो, मग ओळ संपल्याची खूण वेगळी देतो. आणि मी अतिशहाणी, ती खूण माझ्याकडून पुन्हा एकदा घालतेय.” तिने आपली खूण काढली. ओळी एकाखाली एक नीट बसल्या.

“झालं?”

“अर्धं. याला दोन तोंडं आहेत. एक बोलायचं, एक बोंबलायचं. बोलायच्या तोंडापुढं खोकं ठेवलं. बोंबलायच्या तोंडापुढंही ठेवायला हवं, नाहीतर चूक झाल्यावर पुन्हा सगळं हवेत.” तिने दुसऱ्या तोंडालाही खोके जोडले आणि त्यातून येणारी अक्षरे तांबडी केली.

बाहेर कपबश्यांचा आवाज थांबला. मंडळी आत येऊ लागली. बाई कंदील घेऊन उभ्या राहिल्या. शेवटच्या रांगेत, खिडकीच्या बरोबर खाली, एक अनोळखी माणूस मांडीवर यंत्राची पेटी घेऊन बसला होता. काकांनी तो पाहिला. पुटपुटनेही पाहिला.

तिसरा अंक सुरू झाला. पट्टीत ओळी चढू लागल्या. फुंकर आली. बाईंनी गाल फुगवले आणि फू केले, आणि रंगमंच काळोखात असा बुडाला की कुणाच्या तरी तोंडून ‘अहाहा’ निघाले. काळोखातून बाईंचे शेवटचे वाक्य आले. आता फक्त पडद्याआधीचा संध्याकाळचा मंद उजेड यायचा बाकी होता. काकांनी तो कालच नव्याने घातला होता.

तो आला नाही.

“पुन्हा अडकलं!” मॅनेजर अंधारातच खुर्च्यांना ठेचकाळत जिना चढून वर आले. “काका, आता मात्र—”

“साहेब,” पुटपुट म्हणाली, “अडकलं नाही. बोललं.”

तिने पट्टीवर बोट ठेवले. एक तांबडी ओळ होती. मॅनेजर चष्मा सरसावून वाचू लागले. ‘संधिप्रकाश’ नावाचा दिवा आपल्याला माहीत नाही, असे दुभाष्या म्हणत होता, आणि कितव्या ओळीवर ते नाव आले तेही सांगत होता.

काकांनी कपाळाला हात लावला. “अरे देवा. वर दिव्याचं नाव ठेवताना मी ‘संधी’ दीर्घ लिहिलाय. खाली तो लावताना ऱ्हस्व.” मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. “शाळेतले मास्तर गेल्यापासून माझी वेलांटी पकडणारा पहिलाच भेटला!”

“एका वेलांटीसाठी थांबलं?” मॅनेजर.

“थांबलं आणि का थांबलं ते सांगितलं,” पुटपुट म्हणाली. तोवर तिने वेलांटी बदललीही होती.

“काय झालं वर?” बाईंनी खालून विचारले.

“शुद्धलेखन चुकलं!” मॅनेजर ओरडले.

“काकांचं? मग बरोबर आहे! माझ्या वाढदिवसाला त्यांनी दीर्घायुष्य चिंतलं, त्यातला ‘दी’ ऱ्हस्व लिहिला होता. तेव्हापासून मला धाप लागतेय!”

सगळे हसले. अंकाचा शेवट पुन्हा घेतला, पडदा तेवढा संध्याकाळसाठी राखून. फुंकर, काळोख, वाक्य, आणि मग कुठूनतरी दुरून यावा तसा संध्याकाळचा उजेड आला. मॅनेजरांनी तांबडी ओळ गेलेल्या पट्टीकडे एकदा पाहिले, काकांकडे पाहिले, खिडकीतून वाकले आणि पेटीवाल्या माणसाला म्हणाले, “आलाच आहात तर प्रयोग बघून जा. चांगली जागा देतो.”

संध्याकाळी हॉल भरला. तिसरी घंटा झाली. काका आपल्या आखूड पायाच्या स्टुलावर ताठ बसले होते. पुटपुटने निघायला हवे होते, तिचे काम झाले होते. पण तिने चपला पुन्हा टेबलाखाली सरकवल्या.

पडदा वर गेला आणि पट्टी बोलू लागली.

‘पुटपुट, सुरू झालं. पहिला पिवळा हळू आणतोय, लोकांचे डोळे दिपायला नकोत.’

‘पुटपुट, डावीकडचा तिसरा दिवा थकलाय. माझ्यासारखा. पण जळेल.’

‘पुटपुट, आता बाई येतील. टाळ्या पडतील. टाळ्यांत त्या दिवा चुकवतात, म्हणून मी थांबतो.’

टाळ्या पडल्या. बाई दिवा चुकवून उभ्या राहिल्या. काका थांबले, आणि मग उजेड अलगद सरकून बाईंच्या चेहऱ्यावर गेला, जसे काही तो तिथेच होता. पुटपुट वाचत होती. इतक्या तालमी हा माणूस रोज तिला हे सगळे सांगत होता, आणि ती शिंपीकामाच्या दुकानावरच्या खोलीत बसून ‘माझ्याकडे तर चालतं’ म्हणत होती. तिचे ओठ हलू लागले. लहानपणी वडिलांच्या पायाशी बसून हलायचे, तसेच.

दुसऱ्या अंकात एक ओळ आली.

‘पुटपुट, पुढच्या वाक्यात बाई “आणि” विसरतात. तुझे वडील असते तर दिला असता.’

खाली बाईंनी वाक्य सुरू केले, आणि बरोबर तिथेच अडखळल्या. आता बंद केलेल्या काचेच्या मागे, जिथून रंगमंचापर्यंत कुणाचाही आवाज पोचत नाही, पुटपुटच्या ओठांनी ‘आणि’ दिला. बाईंनी क्षणभर श्वास घेतला आणि ‘आणि’ म्हणून वाक्य पुढे नेले. तो ‘आणि’ त्या खिडकीतून पोचला म्हणणारे वेडे ठरतील. पण काकांनी पट्टीवरून नजर काढून तिच्याकडे पाहिले आणि मिशीत हसले.

तिसरा अंक आला. जिथे पूर्वी दुभाष्याचे पोट भरायचे ती जागा आली आणि गेली, कुणाला कळलेही नाही. बाईंनी फुंकर मारली. काळोख. पट्टीत शेवटून दुसरी ओळ उमटली.

‘पुटपुट, आता मी बोलत नाही. ऐक.’

काळोखात बाईंचे वाक्य ऐकू आले. मग संध्याकाळचा उजेड आला, वेलांटीसकट, आणि पडदा खाली येऊ लागला. टाळ्यांनी काच थरथरली. खाली लोक उठून उभे राहिले होते. मॅनेजर अंधारातून वर खिडकीकडे बघून दोन्ही हात हलवत होते. पेटीवाला माणूसही टाळ्या वाजवत होता.

काकांनी हात मांडीवर ठेवले. ते समोर बघत राहिले. आणि पट्टीत, सगळ्यात खाली, त्यांनी तालमींच्याही आधी, पहिल्याच दिवशी लिहिलेली आणि आजवर कधीही उमटू न शकलेली ओळ उमटली.

‘पुटपुट, पडदा पडला. हे तुझ्यापर्यंत येतं ना?’

पुटपुटने चष्मा काढला, दोरीवर सोडला आणि स्टूल त्यांच्याकडे ओढले.

“पोचलं, काका. सगळं पोचलं. आता पुढचं तोंडानं सांगा.”